येशू गरिबांचा, मंडळी मालकांची

अमेरिकेच्या २०२४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत गोऱ्या इव्हँजेलिकल ख्रिस्ती मतदारांपैकी सुमारे ८० टक्क्यांनी डोनाल्ड ट्रम्प यांच्या पारड्यात मते टाकली. २०१६ आणि २०२० या दोन्ही निवडणुकांत हे प्रमाण जवळपास तेवढेच होते. शुचितेचा, कुटुंबधर्माचा आणि पापक्षालनाचा अहोरात्र घोष करणाऱ्या समाजाने तीन विवाह केलेल्या आणि जुगारगृहांचा धंदा केलेल्या पुरुषाला तीन वेळा डोक्यावर घ्यावे, याचे आश्चर्य जगभर व्यक्त झाले.

या आश्चर्यावर पुरोगामी वर्तुळांत दोन उत्तरे तयार असतात. पहिले असे की, हा सारा ढोंगीपणा आहे. दुसरे असे की, हा अडाणीपणा आहे. शिक्षणाचा आणि विज्ञानाचा प्रसार झाला की तो आपोआप नाहीसा होईल. दोन्ही उत्तरांत सोय पुष्कळ आहे, पण इतिहास नाही. कोट्यवधी माणसे पिढ्यान्‌पिढ्या केवळ ढोंग करीत राहत नाहीत. आणि ज्या देशाने चंद्रावर माणूस पाठविला त्या देशात शाळांची वाण होती, असेही कोणी म्हणणार नाही. खरा प्रश्न निराळा आहे. हा धर्मप्रवाह कोणी पोसला, पोसणाऱ्यांचे हितसंबंध काय होते आणि प्रत्येक निर्णायक वळणावर त्यातील प्रस्थापितांनी कोणाची बाजू घेतली, हा तो प्रश्न होय.

'इव्हँजेलिकल' हा शब्द 'शुभवर्तमान' या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून आला. हा कोणी एक पंथ नाही. बॅप्टिस्ट, मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन, पेंटेकोस्टल अशा अनेक मंडळ्यांतून वाहणारा तो प्रवाह आहे. पापाची जाणीव होऊन माणसाचा नवा जन्म व्हावा, पवित्र शास्त्र हाच अंतिम आधार मानावा, क्रूसावरील बलिदानाने तारण होते अशी श्रद्धा ठेवावी आणि हे शुभवर्तमान इतरांना सांगावे, हे त्याचे सार. अमेरिकेतील बहुसंख्य कृष्णवर्णीय प्रॉटेस्टंट या चारही गोष्टी मानतात. त्यांचे शास्त्र तेच आहे, प्रार्थना त्याच देवाची आहे. तरीही ते प्रचंड बहुमताने ट्रम्प यांच्या विरोधात मतदान करतात. शास्त्र एक आणि कौल परस्परविरुद्ध, तेव्हा कौलाचे मूळ शास्त्रात शोधणे व्यर्थ आहे. ते मूळ 'गोऱ्या' या विशेषणात आहे, आणि त्या विशेषणामागे कापसाचा मळा, गिरणी आणि तेलविहीर उभी आहे.

गुलामाच्या प्रश्नावर लागलेला कस

अठराव्या शतकाच्या मध्यास जॉर्ज व्हाइटफील्ड या इंग्रज धर्मोपदेशकाने अमेरिकी वसाहतींत उघड्या मैदानांवर हजारोंच्या सभा घेतल्या. देवापुढे राजा आणि रंक सारखेच पापी आहेत, हे त्याचे सांगणे गुलामांच्याही कानी पडले, आणि त्यात समतेचे बीज होते यात शंका नाही. परंतु जॉर्जिया वसाहतीत त्या वेळी असलेली गुलामगिरीची बंदी उठवावी म्हणून याच व्हाइटफील्डने खटपट केली. त्याच्या अनाथालयाचा खर्च भागविण्यासाठी त्याला मळा आणि मळ्यावर राबणारे गुलाम हवे होते. १७५१ मध्ये ती बंदी उठली. अनाथांच्या पोटासाठी माणसे विकत घेणाऱ्या या करुणेत पुढील दोन शतकांचे बीजही होते.

१७८४ मध्ये अमेरिकन मेथडिस्टांनी सभासदांनी आपले गुलाम मुक्त करावेत असा नियम केला. दक्षिणेतील मळेवाल्यांनी गहजब केला आणि वर्ष पुरे होण्याच्या आत तो नियम स्थगित झाला. उत्तरेत मात्र या प्रवाहातूनच गुलामगिरीविरोधी चळवळीला बळ मिळाले. चार्ल्स फिनी हा त्या काळचा सर्वांत प्रभावी इव्हँजेलिकल उपदेशक. गुलाममालकांना प्रभुभोजनात सहभागी करून घेण्यास त्याने नकार दिला. ज्या ओबर्लिन महाविद्यालयात तो शिकवीत असे, त्याने १८३५ मध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश देण्याचे ठरविले. तात्पर्य, शास्त्रात दोन्ही वाटा होत्या. कोणती घ्यायची हे माणसांनी ठरविले.

दक्षिणेने आपली वाट १८४५ मध्ये कायम केली. एक वर्ष आधी जॉर्जियाच्या एका बिशपकडे गुलाम आहेत या कारणावरून मेथडिस्ट मंडळी दुभंगली होती. गुलाममालकाला मिशनरी म्हणून नेमण्यास उत्तरेकडील बॅप्टिस्टांनी नकार दिला, तेव्हा जॉर्जियातील ऑगस्टा येथे जमून दक्षिणेतील बॅप्टिस्टांनी आपली स्वतंत्र संस्था स्थापन केली. हीच ती सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन, आजही अमेरिकेतील सर्वांत मोठी प्रॉटेस्टंट संघटना. तिचा जन्म बाप्तिस्म्याच्या विधीवरून किंवा त्रैक्याच्या सिद्धान्तावरून झालेला नाही. माणसावर माणसाची मालकी असावी की नसावी, या प्रश्नावरून झाला आहे. या जन्मकथेबद्दल तिने क्षमा मागितली ती १९९५ मध्ये, म्हणजे दीडशे वर्षांनी.

या फुटीच्या सुमारास दक्षिणेत एक सोयीस्कर सिद्धान्तही घडविला गेला. मंडळीचे कार्य आत्म्यापुरते मर्यादित आहे; राज्यव्यवस्था, मालमत्ता आणि मजुरी यांविषयी तिने मौन पाळावे, असा तो सिद्धान्त. दक्षिण कॅरोलिनातील प्रेस्बिटेरियन पंडित जेम्स हेन्ली थॉर्नवेल हा त्याचा मोठा पुरस्कर्ता. गुलामाच्या पाठीवरचे वळ ही 'राजकीय' बाब ठरली आणि गुलामाने मालकाची आज्ञा पाळावी हा उपदेश मात्र 'आध्यात्मिक' ठरला. गुलामीतून पळून मुक्त झालेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी १८४५ मध्येच आपल्या आत्मचरित्रात बजावले होते की, ख्रिस्ताचा धर्म आणि या देशातील मालकांचा धर्म या दोन वेगळ्या वस्तू आहेत. थॉर्नवेलच्या मंडळींनी पुरस्कारलेले हे मौन कोणत्या वेळी पाळले गेले आणि कोणत्या वेळी मोडले गेले, याचा हिशेब ठेवला म्हणजे पुढचा इतिहास उलगडत जातो.

तेल, कापूस आणि पाळकांचे पगार

यादवी युद्धाने गुलामगिरी संपविली, गोऱ्यांचे वर्चस्व संपविले नाही. १९१५ मध्ये जॉर्जियातील स्टोन माउंटन येथे कू क्लक्स क्लॅन पुन्हा उभी करणारा विल्यम सिमन्स हा एकेकाळचा मेथडिस्ट उपदेशक होता. दरम्यान उत्तरेतील औद्योगिक शहरांत मजुरांची दैना पाहून काही पाळक अस्वस्थ झाले होते. न्यू यॉर्कमधील हेल्स किचन या कष्टकरी वस्तीत सेवा केलेल्या वॉल्टर राउशेनबुश या बॅप्टिस्ट पाळकाने १९०७ मध्ये ग्रंथ लिहून प्रतिपादिले की, पाप जसे व्यक्तीच्या अंत:करणात असते तसे ते समाजरचनेतही असते, आणि दोन्हीकडून त्याचे उच्चाटन झाले पाहिजे.

या विचाराचे वारे वाहत असतानाच १९१० ते १९१५ या काळात 'द फंडामेंटल्स' या नावाने बारा खंड प्रसिद्ध झाले. 'फंडामेंटलिस्ट' हा आज जगभर वापरला जाणारा शब्द त्या नावावरूनच रूढ झाला. खर्च केला कॅलिफोर्नियातील युनियन ऑइल कंपनीचा धनी लायमन स्ट्युअर्ट आणि त्याचा भाऊ मिल्टन यांनी. सुमारे ३० लाख प्रती पाळकांना, धर्मशिक्षकांना आणि मिशनऱ्यांना फुकट वाटल्या गेल्या. त्यातील बहुतेक लेख शास्त्रचर्चेचे आहेत. मजुरीचा दर त्यांत शोधून सापडणार नाही. पण समाजवादावरही त्यात एक लेख आहे, आणि ख्रिस्ती धर्माची समाजवादाशी सांगड घालू नये, असा त्याचा रोख आहे. तेलसम्राटाने श्रद्धेपोटी पैसा दिला असेल. तरीही त्याच्या पैशाने जो धर्म घरोघर पोचला त्यात पाप केवळ व्यक्तीच्या अंत:करणात उरले आणि कारखान्यातून हद्दपार झाले, हे विसरता येणार नाही.

हा व्यवहार उघड्यावर पाहायचा तर उत्तर कॅरोलिनातील गॅस्टोनिया येथे जावे. १९२९ मध्ये तेथील लोरे कापडगिरणीत कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखालील संघटनेने संप पुकारला. गिरण्यांच्या वसाहतीतील घरे गिरणीच्या मालकीची, आणि तेथील अनेक प्रार्थनामंदिरांना व पाळकांच्या पगारांनाही गिरण्यांचा टेकू. संपात या पाळकांनी जवळजवळ एकमुखाने मालकांची बाजू घेतली. एला मे विगिन्स ही जवळच्या बेसेमर सिटीतील गिरणीत रात्रपाळीने सूतकताईचे काम करणारी बाई. तिची चार मुले दगावली होती. ती स्वत: गाणी रचून सभांतून म्हणत असे आणि काळ्या मजुरांनाही संघटनेत घेतले पाहिजे असा आग्रह धरीत असे. त्या वर्षीच्या सप्टेंबरात सभेला निघालेल्या मजुरांच्या ट्रकवर झालेल्या गोळीबारात ती मारली गेली. कोणालाही शिक्षा झाली नाही. लिस्टन पोप या अभ्यासकाने १९४२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात गॅस्टोनियातील गिरण्या आणि मंडळ्या यांच्या संबंधांची तपशीलवार चिकित्सा केली आहे. 'श्रद्धेचा आणि अर्थकारणाचा काय संबंध' असे विचारणाऱ्यांनी तो ग्रंथ डोळ्यांखालून घालावा.

महामंदीनंतर अध्यक्ष रूझवेल्ट यांनी कामगारांना संघटनेचे हक्क आणि वृद्धांना निवृत्तिवेतन देणारे कायदे केले, तेव्हा मालकवर्गाला धर्माची आणखी निकड भासली. सन ऑइल कंपनीचा जे. हॉवर्ड प्यू हा या कायद्यांचा कट्टर शत्रू. सरकारी नियंत्रण हे अधर्म्य आहे असे पाळकांच्या तोंडून वदविणाऱ्या संस्थांना त्याने पैसा पुरविला; आणि १९५६ मध्ये बिली ग्रॅहम यांच्या पुढाकाराने निघालेल्या 'ख्रिश्चॅनिटी टुडे' या नियतकालिकाचा सुरुवातीचा मोठा भारही त्यानेच उचलला. त्याच दशकात 'देवाच्या छत्राखाली' या अर्थाचे शब्द अमेरिकेच्या राष्ट्रनिष्ठेच्या प्रतिज्ञेत घुसविले गेले. ते वर्ष १९५४. कम्युनिझमविरुद्धचे हत्यार म्हणून त्यांचा गाजावाजा झाला. पण १८९२ मध्ये ती प्रतिज्ञा लिहिली होती फ्रान्सिस बेलामी या बॅप्टिस्ट पाळकाने. तो ख्रिस्ती समाजवादी होता, आणि आपल्या विचारांपायी त्याला बॉस्टनमधील आपले व्यासपीठ सोडावे लागले होते. समाजवाद्याने लिहिलेली प्रतिज्ञा समाजवादाविरुद्ध वापरली गेली, आणि ती रोज म्हणणाऱ्या मुलांना हे कोणी सांगितले नाही.

तोच तंबू, दुसरा आवाज

येथवर वाचून एखादा कार्यकर्ता म्हणेल, धर्म ही अफूच, तेव्हा त्याच्याकडे पाठ फिरवावी हे बरे. इतिहासाने या निष्कर्षाला आधार दिलेला नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी ओक्लाहोमा हे अमेरिकन समाजवादी पक्षाचे एक बळकट ठाणे होते. १९१२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत यूजीन डेब्ज यांना तेथे सुमारे १६ टक्के मते पडली आणि १९१४ मध्ये पक्षाच्या गव्हर्नरपदाच्या उमेदवाराने पाचव्या हिश्शाहून अधिक मते मिळविली. ही मते देणारे बहुतांशी बटाईने जमीन कसणारे, बॅप्टिस्ट आणि पेंटेकोस्टल वळणाचे श्रद्धाळू शेतकरी होते. पक्षाचे उन्हाळी मेळावे धर्मजागृतीच्या मेळाव्यांच्या धर्तीवर भरत. तंबू तसाच, भजनांच्या चाली त्याच, आणि व्यासपीठावरून सावकाराला, जमीनदाराला व बँकेला शास्त्रातली वचने ऐकविली जात. हे ठाणे मोडले ते पहिल्या महायुद्धातील दडपशाहीने. शेतकऱ्यांच्या श्रद्धेने ते मोडले नाही.

१९३४ मध्ये आर्कान्सातील टायरोन्झा गावी अकरा गोऱ्या आणि सात काळ्या पुरुषांनी सदर्न टेनंट फार्मर्स युनियन स्थापन केली. कापसाचे पीक कमी करण्यासाठी सरकारने दिलेला पैसा मळेवाल्यांनी खिशात घातला होता आणि कुळांना घराबाहेर काढले होते. एका वर्णाच्या माणसाने दुसऱ्याच्या शेजारी बसणे जेथे जिवावर बेतत होते, तेथे ही माणसे एकत्र बसली. ई. बी. मॅकिनी हा कृष्णवर्णीय उपदेशक युनियनचा उपाध्यक्ष झाला. क्लॉड विल्यम्स आणि हॉवर्ड केस्टर यांच्यासारखे गोरे धर्मोपदेशक तिच्यासाठी राबले. सभा प्रार्थनेने सुरू होत. मिसरातील दास्यातून सुटलेल्या इस्राएलांची निर्गमातील कथा या सभांना कोणी समजावून सांगावी लागत नव्हती.

हीच माणसे शहरी पुरोगाम्यांना कशी दिसत होती? १९२५ मध्ये टेनेसीतील डेटन येथे उत्क्रांती शिकविल्याबद्दल जॉन स्कोप्स या शिक्षकावर खटला झाला. तेथे जमलेल्या शहरी पत्रकारांनी, विशेषत: एच. एल. मेंकेन यांनी, गावातील श्रद्धाळूंची यथेच्छ टवाळी केली. उत्क्रांतीचा सिद्धान्त सत्य आहे आणि तो शिकविण्यास बंदी करणारा कायदा निषेधार्ह होता. तो १९६७ पर्यंत रद्द झाला नाही हे आणखी लाजिरवाणे. पण त्या शाळेतील जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात मानववंशांची उतरंड लावून गोऱ्यांना शिखरावर बसविले होते आणि 'हीन' कुटुंबांची पैदास रोखण्याचा पुरस्कार केला होता, हे टवाळखोरांना खटकले नाही. खटल्यात शास्त्राची बाजू मांडणारा विल्यम जेनिंग्ज ब्रायन हा कृष्णवर्णीयांचा कैवारी नव्हता; परंतु बँका आणि मक्तेदार यांच्याविरुद्ध तो आयुष्यभर लढला होता, आणि बलिष्ठांनी दुर्बलांना चिरडावे याला विज्ञानाचा आधार मिळेल ही त्याची धास्ती निराधार नव्हती. विज्ञानाची बाजू घेणाऱ्यांनी गरिबांना हसण्यावारी नेले, आणि हसल्या गेलेल्या गरिबांना जवळ घ्यायला तेलवाले टपलेलेच होते.

करमाफीतून उगवलेली नीती

१९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविला. दक्षिणेतील गोऱ्या पालकांनी यावर तोडगा काढला. सरकारी शाळा सोडायच्या आणि खासगी 'ख्रिस्ती' शाळा काढायच्या. मिसिसिपीतील होम्स काउंटीत शाळा एकत्र झाल्यानंतरच्या पहिल्या वर्षात सरकारी शाळांतील गोऱ्या विद्यार्थ्यांची संख्या ७७१ वरून २८ वर आली. पुढच्या वर्षी ती शून्य झाली. नव्या शाळांना धर्मादाय संस्था म्हणून करमाफी होती, म्हणजे काळ्या नागरिकांनी भरलेल्या करातून या बहिष्काराला अप्रत्यक्ष अनुदान मिळत होते. तेथील कृष्णवर्णीय पालक न्यायालयात गेले आणि १९७१ मध्ये निकाल लागला की, वर्णभेद करणारी शाळा करमाफीस पात्र नाही. १९७६ मध्ये दक्षिण कॅरोलिनातील बॉब जोन्स विद्यापीठाची करमाफी गेली. या विद्यापीठाने १९७१ पर्यंत एकाही कृष्णवर्णीयाला प्रवेश दिलेला नव्हता, आणि भिन्नवर्णीय तरुण-तरुणींनी एकमेकांशी मैत्री जोडण्यावरील बंदी तेथे २००० पर्यंत चालू होती.

व्हर्जिनियातील लिंचबर्गचे पाळक जेरी फॉलवेल यांचे चरित्र या संदर्भात बोलके आहे. १९६५ मध्ये नागरी हक्कांचे मोर्चे निघत होते, तेव्हा त्यांनी प्रवचन केले की, धर्मोपदेशकाचे काम आत्मे जिंकण्याचे आहे, राजकारणाचे नाही. थॉर्नवेलचा सिद्धान्त एकशेवीस वर्षांनी पुन्हा कामास आला. १९६७ मध्ये त्यांनी शाळा काढली. स्थानिक वृत्तपत्राने तिचे वर्णन गोऱ्या विद्यार्थ्यांसाठी खासगी शाळा असे केले. पुढे करमाफीवर गदा आली आणि १९७९ मध्ये याच फॉलवेल यांनी 'मॉरल मेजॉरिटी' ही राजकीय संघटना उभारली. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी जे व्यासपीठ राजकारणास वर्ज्य होते, ते गोऱ्यांच्या शाळांवर संकट येताच राजकारणासाठी खुले झाले.

यावर हमखास उत्तर येते की, ही चळवळ गर्भपाताच्या विरोधातून जन्मली. काही इतिहासकार त्या प्रश्नाला अधिक महत्त्व देतात, हे खरे. आणि १९८० नंतर लक्षावधी सामान्य श्रद्धाळूंच्या मनात तोच प्रश्न अग्रभागी होता, हेही खरे. परंतु १९७१ मध्ये सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शननेच ठराव करून बलात्कार, गर्भातील गंभीर व्यंग किंवा आईच्या शारीरिक व मानसिक आरोग्यास धोका अशा परिस्थितींत गर्भपातास कायद्याने मुभा असावी, असे म्हटले होते. १९७३ च्या न्यायालयीन निर्णयानंतर १९७४ मध्ये त्या भूमिकेचा पुनरुच्चारही केला होता. चळवळीचे एक सूत्रधार पॉल वायरिक यांनी पुढे स्वत:च सांगितले की, इव्हँजेलिकल पुढाऱ्यांना राजकारणात ओढले ते शाळांच्या करमाफीच्या वादाने. वर्णभेदाच्या नावाने उघड मते मागण्याचे दिवस सरले होते. न जन्मलेल्या अर्भकाच्या नावाने ती मागता येत होती. १९८० मध्ये जिमी कार्टर या रविवारच्या शाळेत शिकविणाऱ्या, नवा जन्म झाल्याचे सांगणाऱ्या बॅप्टिस्टाला सोडून हा समाज घटस्फोटित चित्रपटनट रोनाल्ड रेगन यांच्यामागे गेला. ट्रम्प यांच्या निवडीने चकित झालेल्यांनी १९८० चा हा प्रसंग आठवावा.

वेगळा मार्ग त्याही वेळी उपलब्ध होता. १९७३ मध्ये शिकागो येथे जमलेल्या काही गोऱ्या आणि काळ्या इव्हँजेलिकलांनी जाहीरनामा काढून वर्णद्वेष, आर्थिक अन्याय आणि युद्धखोरी यांबद्दल आपल्या समाजाचा दोष मान्य केला. त्यांचे शास्त्रज्ञान कोणापेक्षा कमी नव्हते. त्यांच्यामागे तेल कंपनी नव्हती, एवढेच.

घराघरांत शिरलेला आणि सीमेपार गेलेला

मतपेटीपेक्षा या प्रवाहाची सत्ता घरात अधिक आहे. १९७७ मध्ये मानसशास्त्रज्ञ जेम्स डॉबसन यांनी 'फोकस ऑन द फॅमिली' ही संस्था काढली आणि तिच्या रेडिओ कार्यक्रमांतून मुलांना शिस्त कशी लावावी, पत्नीने कसे वागावे, याचे धडे लक्षावधी घरांत गेले. १९९८ मध्ये सदर्न बॅप्टिस्टांनी आपल्या श्रद्धेच्या घोषणापत्रातच पत्नीने पतीच्या अधीन राहावे असे कलम घातले. १९९५ पासून निघालेल्या 'लेफ्ट बिहाइंड' या जगबुडीच्या कादंबऱ्यांच्या कोट्यवधी प्रती खपल्या. जग लवकरच संपणार असेल तर ते सुधारण्याची, हवा-पाणी राखण्याची किंवा तह करण्याची निकड कशाला, हा त्यांतून पाझरणारा बोध कोणत्या कंपन्यांच्या पथ्यावर पडतो हे सांगायला नको. आणि ज्या घरांत आज्ञाधारकपणा हाच धर्म, तेथे अत्याचाराला तोंड फुटत नाही. सदर्न बॅप्टिस्ट नेतृत्वाने लैंगिक अत्याचारांच्या तक्रारी वर्षानुवर्षे दडपल्या आणि पीडितांनाच दूषणे दिली, हे २०२२ च्या चौकशी अहवालाने जगापुढे आणले. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचे घटनात्मक संरक्षण काढून घेतले. पीडित मुलींच्या बाबतीत मूग गिळून बसलेले नेतृत्व स्त्रीच्या गर्भाशयाविषयी मात्र मुखर होते.

देशाबाहेर याची किंमत अधिक भीषण होती. १९८२ मध्ये ग्वाटेमालात लष्करी उठावातून सत्तेवर आलेला जनरल एफ्राइन रिओस माँट कॅलिफोर्नियातील एका इव्हँजेलिकल संस्थेशी संलग्न मंडळीचा सभासद होता. दर रविवारी तो दूरचित्रवाणीवरून देशाला नीतीचे प्रवचन देई, आणि त्याचे सैन्य डोंगरातील माया आदिवासींची गावे जाळीत असे. पॅट रॉबर्टसन यांच्यासारख्या अमेरिकन दूरचित्रवाणी-उपदेशकाने त्याची भलामण केली. २०१३ मध्ये ग्वाटेमालाच्याच न्यायालयाने इशिल समाजातील १,७७१ जणांच्या हत्येच्या संदर्भात त्याला वंशसंहाराबद्दल दोषी ठरविले. दहा दिवसांत वरच्या न्यायालयाने तो निकाल तांत्रिक कारणावरून रद्द केला आणि २०१८ मध्ये फेरखटला पुरा होण्यापूर्वी तो मरण पावला. मारले गेलेलेही बहुतांशी ख्रिस्तीच होते, हे येथे नोंदवून ठेवावे.

जोतीरावांनी केलेली पारख

महाराष्ट्राचा या इतिहासाशी संबंध जुना आहे. अमेरिकन बोर्डाचे पहिले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि १८३१ पासून अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, हे त्यांचे मोठे केंद्र झाले. तेथील मिस सिंथिया फरार यांची मुलींची शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले, आणि त्या प्रेरणेचा वाटा महाराष्ट्रातील स्त्रीशिक्षणात आहे. ते ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु याच बोर्डाने १८४५ मध्ये चेरोकी आणि चोक्टॉ जमातींतील आपल्या मंडळ्यांतून गुलाममालकांना बाहेर काढण्यास नकार दिला होता, आणि त्यामुळे संतापलेल्या गुलामगिरीविरोधकांनी १८४६ मध्ये अमेरिकन मिशनरी असोसिएशन ही वेगळी संस्था काढली होती. नगरच्या मुलींना अक्षर देणारी संस्था चोक्टॉ मालकाच्या गुलामाला माणूसपण देण्यास कचरली.

१८७३ मध्ये जोतीरावांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ अर्पण केला तो अमेरिकेतील अशा सदाचारी लोकांना, ज्यांनी कृष्णवर्णीयांना दास्यातून सोडविण्यासाठी झीज सोसली. मिशनरी पाठशाळांचा लाभ झालेल्या या माणसाने अर्पणपत्रिकेसाठी निवडली ती बेड्या तोडणारी माणसे. धर्माची पारख करण्याची याहून चोख कसोटी नाही. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीही १९१७ मध्ये मिशनची चाकरी सोडून 'देवाचा दरबार' मांडला, तेव्हा ख्रिस्त आणि गोऱ्या मिशनची सत्ता या दोहोंत त्यांनी फरक केला.

म्हणून या इतिहासाचा दुरुपयोग करू पाहणाऱ्यांनाही बजावले पाहिजे. अमेरिकेतील गोऱ्या वर्चस्ववादाची ही चिकित्सा येथील ख्रिस्ती अल्पसंख्याकांविरुद्ध वापरण्याचा अधिकार कोणाला नाही. भारतातील ख्रिस्ती समाजाचा फार मोठा भाग दलित आणि आदिवासी आहे. १९९९ मध्ये मनोहरपूरला आणि २००८ मध्ये कंधमालला झालेल्या क्रौर्याची भरपाई व्हाइटफील्डच्या पापांनी होत नाही. उलट, बहुसंख्याकांचा धर्म म्हणजेच राष्ट्र, आणि मालकाचे हित म्हणजेच धर्म, ही अमेरिकन गोऱ्या इव्हँजेलिकलांच्या पुढाऱ्यांची शिकवण येथे कोण गिरवीत आहे, हे ज्याने त्याने आरशात पाहावे.

गोऱ्या इव्हँजेलिकलांची संख्या घटत आहे. २००६ मध्ये अमेरिकी लोकसंख्येत त्यांचे प्रमाण सुमारे २३ टक्के होते. २०२३ मध्ये ते १४ टक्क्यांच्या खाली आले. तरीही २०२४ मध्ये लुइझियाना राज्याने प्रत्येक सरकारी वर्गात दहा आज्ञा टांगण्याचा कायदा केला, आणि त्याच वर्षी त्यांचा उमेदवार अध्यक्ष झाला. संख्या घटली म्हणून सत्ता आपोआप घटते, या भ्रमात कोणी राहू नये. श्रद्धा विज्ञानाच्या एका तडाख्याने विरून जाईल, या भ्रमात तर मुळीच राहू नये.

टायरोन्झाच्या अठरा माणसांना श्रद्धा सोडण्यास कोणी सांगितले नव्हते. त्यांना विचारले गेले होते ते एवढेच की, कापसाचा पैसा कोणाच्या खिशात गेला. तो प्रश्न ऐकल्यावर गोरा आणि काळा एका बाकावर बसला, आणि हातातले शास्त्र खाली न ठेवता बसला. ज्या कार्यकर्त्याला श्रद्धाळू कष्टकऱ्यांत काम करायचे आहे, त्याने आधी हा प्रश्न विचारण्यास शिकावे. तो त्यांच्यावर हसत बसला, तर त्यांच्या तंबूचे भाडे भरायला मालक केव्हाही तयार आहेत.